तिच्या निवडीची फाईल

माझा अर्ज वाचून एका नायब तहसीलदारांनी चष्मा काढून पुसला होता, हे मी आर्वीत निदान हजार माणसांना सांगितलं असेल. चष्म्यावर धूळ बसली असेल, असं माझी बायको म्हणायची. तिला माझ्या धंद्याविषयी आदर कमीच. मी अर्जनवीस. तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली माझं टेबल, त्यावर मराठी टाइपरायटर, कार्बन पेपरचा पत्र्याचा डबा आणि समोर लोकांना बसायला एक बाक. वडिलांचं किराणा दुकान मोठ्या भावाकडे गेलं. माझ्या वाट्याला नुसती जीभ आली, ती मी कागदावर चालवायला लागलो.

नव्वदच्या सुमाराला अर्ज लिहिणं ही कला होती आणि ती मला येत होती. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ इथून सुरुवात. मग अर्जदार अत्यंत गरीब व होतकरू असल्याचं सांगायचं, त्याच्या घरातली आजारपणं सांगायची, साहेबांच्या दयाळूपणाची ख्याती आपण ऐकून असल्याचं सांगायचं. तलाठ्याला एक विनंती पुरे व्हायची, तहसीलदाराला तीन, आणि कलेक्टरला लिहायचं तर लेकराबाळांसकट पायावर लोटांगण. मागणी मी मुद्दाम अगदी शेवटी ठेवायचो, तीही कपड्यात गुंडाळून. सरळ मागितलं की साहेबाला राग येतो, हा माझा सिद्धांत होता. काम झालं तर ते माझ्या अर्जानं, नाही झालं तर साहेब दगड. या हिशेबात मी कधीच हरत नव्हतो.

नव्वदीच्या मध्यावर ती पहिल्यांदा माझ्या बाकावर येऊन बसली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. सासरचं घर रोहण्याच्या बाजूच्या एका गावात कुलूप लावून ठेवलेलं, आणि ती लहान मुलीला घेऊन पुलगावला भावाकडे राहत होती. भाऊ गिरणीत कामाला. सासरच्या गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली होती. जागेसाठी बाई सातवी पास हवी आणि त्याच गावची रहिवासी हवी. ती दहावी झाली होती. अडचण फक्त राहण्याची होती.

“गावचाच पत्ता टाकतो,” मी म्हणालो. “राहते म्हणून लिहितो.”

“पन भाऊ, मी तं सध्या पुलगावले राह्यते,” ती म्हणाली.

“कोन पाहाले येते?”

मी टाइप करत गेलो. ‘अर्जदार ही सदर गावी अनेक वर्षांपासून कायम वास्तव्यास असून’ असं मी लिहिलं आणि पुढे तिच्या वैधव्याचं असं वर्णन केलं की टाइप करताना माझंच मला कौतुक वाटलं. तिनं सही केली. सही करण्याआधी तिनं सगळा अर्ज वाचला, हे मला आवडलं नव्हतं. माझ्याकडे येणारी माणसं अर्ज वाचत नसत.

दोन महिन्यांनी तिची निवड झाली. नेमणुकीचं पत्र घेऊन ती खास मला सांगायला आली. मुलीला घेऊन त्याच आठवड्यात ती गावातल्या घरी राहायला गेली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिनं तुरीच्या शेंगांची पिशवी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि मग दरवर्षी आणू लागली. मी तर जाहिरातच लावली. “त्या अंगणवाडीच्या बाईले कोनं लावलं? या बोटांनी लावलं,” असं मी बाकावरच्या प्रत्येकाला सांगायचो. तिच्यासमोरही सांगायचो. ती मान खाली घालून हसायची. ते कृतज्ञतेचं हसू आहे, अशी माझी खात्री होती. रोहण्याकडच्या कितीतरी बाया त्या एका गोष्टीवर माझ्याकडे आल्या. माझी सगळी पत त्या एका निवडीवर उभी होती म्हटलं तरी चालेल.

दहा-अकरा वर्षं अशी सुखात गेली. मग माहितीच्या अधिकाराचा कायदा आला.

मला आधी आनंदच झाला. नवा कायदा म्हणजे नवे अर्ज. ‘नमुना अ’चा कोरा फॉर्म मी झेरॉक्स करून गठ्ठाच ठेवला, दहा रुपयांची कोर्ट फीची तिकिटं आणून डब्यात ठेवली, आणि झाडाला पाटी लावली: येथे माहिती अधिकाराचे अर्ज उत्तम लिहून मिळतील. ‘उत्तम’ हा शब्द लाल रंगात.

पहिलाच अर्ज गावाकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. त्यांच्या शेताची मोजणी दोन वर्षं रखडली होती. मी साडेतीन पानं लिहिली. साहेबांनी दयाबुद्धीने ही माहिती द्यावी. मोजणी का झाली नाही? अर्जदाराने कोणता गुन्हा केला? त्याच्यामागून आलेल्यांची मोजणी कशी झाली? हा अन्याय कुठवर चालणार? असे एकूण अकरा प्रश्न, एकाहून एक धारदार. महिन्याभरानं उत्तर आलं, दोन ओळींचं: ‘आपण प्रश्न विचारले आहेत. कोणत्या अभिलेखाची प्रत हवी आहे याचा बोध होत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

बोध होत नाही! माझ्या अर्जाचा! मी ते पत्र म्हाताऱ्यांसमोर टेबलावर आपटलं आणि कचेरीला पिढ्यान्‌पिढ्या पुरतील एवढ्या शिव्या दिल्या. म्हातारे पत्र घेऊन निघून गेले. दीड महिन्यानं ते पुन्हा फाटकात दिसले, आणि त्यांच्या हातात मोजणीच्या नोंदवहीची साक्षांकित प्रत होती. त्यांचा नंबर वगळून मागचे नंबर घेतलेले त्यात स्वच्छ दिसत होते. मोजणीदाराला ती प्रत दाखवली तर तो पुढच्याच आठवड्यात साखळी घेऊन शेतात हजर. हे सगळं म्हाताऱ्यांनी मला भोळेपणानं सांगितलं, त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

“कोनी लेहून देला?” मी विचारलं.

“ते अंगनवाडीची बाई नाई काय, तुमी लावलेली,” ते म्हणाले. “चारच ओळी लेहल्या तिनं.”

त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे वर्षभर थांबलं नाही.

मग एकेक कळत गेलं. वर्ध्याला कसलं तरी शिबिर झालं होतं, तिथून ती कायद्याचं पुस्तक घेऊन आली होती. तिच्या अंगणवाडीसमोरचा हातपंप कित्येक महिने बंद होता आणि खिचडीसाठी मदतनीस बाईला लांबून पाणी आणावं लागायचं. तिनं पंचायत समितीकडून हातपंप दुरुस्तीच्या नोंदवहीची प्रत मागवली. नोंदवहीत पंप तीनदा दुरुस्त झालेला. तिनं ती प्रत पंपालाच चिकटवली. पंपाला दांडा नाही आणि अंगावर दुरुस्त झाल्याची तीन वेळची नोंद. अख्खं गाव येऊन वाचून गेलं. आठवड्यात दांडा आला आणि पाणीही आलं.

ही युक्ती मला सुचायला हवी होती. मी पंधरा वर्षं सरकारला लिहीत होतो. ती रोज लेकरांची वजनं घेऊन वहीत मांडणारी बाई, आणि लोक तिच्या अंगणवाडीच्या ओट्यावर रांग लावायला लागले. अंगणवाडी सुटली की दुपारभर तिथं तिचा दरबार. ती पैसे घेत नव्हती, म्हणजे तर फारच झालं. कारंज्याकडची माणसं एसटी बदलून तिच्याकडे जायची, माझ्या टेबलासमोरून. कुणी माझ्याकडे कोरा नमुना घ्यायला थांबलंच तर फॉर्म घेऊन तिच्याकडे भरायला न्यायचं. माझी लाल अक्षरातली पाटी माझ्याच डोक्यावर लटकत होती.

मी तिच्याविषयी बोलायचं बंद केलं. तरी बायकोला कळलंच.

“पोटात दुखून राह्यलं काय?” एका संध्याकाळी तिनं ताट वाढता वाढता विचारलं.

“काहाले दुखंल?”

“मंग जेवा.”

मला जेवण गेलं नाही. आता इतक्या वर्षांनी खरं ते सांगतो. मला तिच्या कामाचा हेवा होता, तिच्या चार ओळींचा होता, तिच्या ओट्यावरच्या गर्दीचा होता. आणि त्या हेव्याच्या तळाशी आणखी एक घाण होती. तिच्या मोहल्ल्यातली माणसं वर्षानुवर्षं माझ्याकडे अर्ज लिहायला आली होती, येताना ‘जयभीम’ म्हणायची, मी ‘नमस्कार’ म्हणायचो, आणि मनातल्या मनात मी बाकाच्या या बाजूला आणि ती त्या बाजूला, हे मी निसर्गनियमासारखं धरून चाललो होतो. आता आमच्या पेठेतले दुकानदार तिच्या ओट्यावर जाऊन बसत होते आणि तिला ‘मॅडम’ म्हणत होते. हे मला सहन होत नव्हतं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

मग एक दिवस मला पत्ता आठवला.

सेविका त्याच गावची रहिवासी हवी होती. ती तेव्हा गावात राहत नव्हती. तिच्या अर्जात खोटा पत्ता होता, आणि तो अर्ज कुठल्या तरी फाईलमध्ये अजून असणार. ती फाईल बाहेर आली, कुणी तक्रार केली, तर निवडच रद्द. नोकरी गेली की ओटा गेला, ओटा गेला की गर्दी गेली. गर्दी जाऊन जाऊन जाणार कुठे? माझ्या बाकावर. तो खोटा पत्ता मीच टाइप केला होता, ही गोष्ट मला आठवत नव्हती असं नाही. टाइपरायटर कुणाचा हे कागदावर लिहिलेलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मी माझ्याच नावानं माहितीचा अर्ज केला, तालुक्याच्या बालविकास कार्यालयाला. रविवारी दार लावून घरात टाइप केला. तीन पानं झाली. सदर सेविकेची निवड कशी काय झाली? ती गावात राहत होती याची खात्री कोणी केली? केली नसेल तर का नाही? पात्र उमेदवारांवर अन्याय झाला नाही काय? सरकारला फसवणाऱ्यांनी सरकारला जाब विचारावा, हे साहेबांच्या न्यायबुद्धीला पटते काय? हा शेवटचा प्रश्न लिहून झाल्यावर मी तो मोठ्यानं वाचला आणि खूश झालो.

महिन्यानं उत्तर आलं. बोध होत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

त्याच आठवड्यात ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. कार्यालयातल्या बाबूनं तिला सांगितलं होतं, हे मी तिचा चेहरा पाहूनच ओळखलं. बाकावर कुणीच नव्हतं, आजकाल नसायचंच. ती बसली.

“भाऊ, तुमी माही फाईल मांगतली,” ती म्हणाली.

मी कार्बनचा डबा उघडला आणि बंद केला. म्हटलं, “कायदा हाये. कोनीबी मांगू शकते.”

“हाव ना. मीच तं सांगते लोकायले,” ती म्हणाली. “पन तुमी मांगतली तशी नाई भेटत. मले दाखवा अर्ज.”

माझी कार्बन प्रत खणातच होती. मी का दिली कोण जाणे. ती तीनही पानं वाचून काढली तिनं, सावकाश, एकेक ओळ, जसा तिनं तेव्हा अर्ज वाचला होता. स्वतःबद्दलचं ते सगळं गरळ वाचताना तिचे कान लाल झालेले मला दिसले. मग तिनं पानं नीट जुळवून मला परत दिली.

“यात तुमी नुसतं काऊन झालं, काऊन नाई झालं, हेच इचारलं,” ती म्हणाली. “काऊनचं उत्तर त्यायच्यापाशी नसते, आन असलं तरी ते देत नाई. त्यायच्यापाशी कागद असते. कागद मांगा. कारन सांगू नका, रागावू नका, हात जोडू नका.”

तिनं माझ्या गठ्ठ्यातला कोरा नमुना ओढला, माझाच पेन घेतला आणि लिहिलं. अमुक गावच्या अंगणवाडी सेविकेच्या निवडीच्या फाईलमधील सर्व अर्ज, टिपणी व आदेश यांच्या साक्षांकित प्रती. कालावधी अमुक. माहिती टपालाने हवी. बस. शाळेतल्या मुलीसारखं गोल अक्षर, एकही खाडाखोड नाही.

“तुले भेव नाई वाटत?” मी विचारलं. इतक्या वर्षांत मी तिला ‘तू’ म्हणायचो, ती मला ‘तुमी’.

“वाटते ना,” ती म्हणाली. “बारा वर्षं झाले वाटून राह्यलं. त्या पत्त्यावरून एक दिवस नोकरी जाईन माही, हे मले माहीत हाये. रोज सकाळी अंगनवाडीचं कुलूप उघडतानी आठवते.”

“मंग काहाले लेहून देतं?”

“लोकायले मी सांगते का कोनाचाबी कागद मांगता येते. मंग माहा आला तं नाई कसं म्हनू?” ती उठली. साडीचा पदर सारखा केला. “पत्ता तुमी टाकला हे मी कोनाले नाई सांगनार. सही मी केली होती.”

ती गेली आणि मी त्या कागदाकडे पाहत बसलो. अशा वेळी माणसाला शरम वाटायला हवी. मला वाटलीही, थोडी. पण त्याहून मोठा होता संताप. ही बाई मला माफ करायला आली होती, माझ्याच बाकावर बसून, माझ्याच पेनानं. माझ्यावर ओरडली असती, चार लोकांत वाभाडे काढले असते, तर आम्ही बरोबरीत आलो असतो. तिनं मला तेवढंही दिलं नाही. मी तीन दिवस तो कागद खणात ठेवला आणि चौथ्या दिवशी तिकीट चिकटवून कार्यालयात नेऊन दिला. बाबूनं तो एकदाच वाचला आणि पोच दिली. मला त्याही गोष्टीचा हेवा वाटला.

महिना पुरा व्हायच्या आत जाड पाकीट आलं. वरच्या पत्रात लिहिलं होतं की संबंधित सेविकेस विचारणा केली असता माहिती देण्यास आपली हरकत नसल्याचे तिने लेखी कळवले आहे. मी ते दुपारी टेबलावरच उघडलं.

पहिलाच कागद माझा. माझा टाइपरायटर, त्याचा तो किंचित वर उडणारा ‘म’, माझे ते अत्यंत गरीब व होतकरू. त्याच्या समासात तेव्हाच्या अधिकाऱ्यानं हातानं लिहिलं होतं: ‘ग्रामसेवकाकडून खात्री केली. दिलेल्या पत्त्यावर घर बंद. अर्जातील मजकूर खोटा. अपात्र.’ खाली सही.

मी ते चार वेळा वाचलं. अपात्र. मग ती लागली कशी?

दुसरा कागद वहीच्या पानाचा अर्धा तुकडा होता, त्यावर तेच गोल अक्षर. ‘मी टाइप केलेला अर्ज दिला आहे. त्यात मी गावात राहते असे लिहिले आहे, ते बरोबर नाही. मी सध्या पुलगावला भावाकडे राहते. माझ्या नवऱ्याचे घर गावात आहे. निवड झाली तर आठ दिवसांत राहायला येईन. मी दहावी पास आहे.’ आणि नाव. साहेब नाही, मेहेरबान नाही, उपकार नाहीत. त्याखाली त्याच अधिकाऱ्याचं अक्षर: ‘उमेदवाराने स्वतःहून खरी स्थिती कळवली आहे. अर्जदारांत शिक्षणही सर्वांत जास्त. राहायला येण्याच्या अटीवर नेमणूक द्यावी.’

मी कागद पालथे घातले आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून बसून राहिलो. बारा वर्षं मी जी गोष्ट सांगत होतो, ती उलटी होती. माझ्या अर्जानं ती लागली नव्हती. माझ्या अर्जानं ती गेलीच होती, आणि तिच्या स्वतःच्या अर्ध्या पानानं तिला परत आणली होती.

मग मला दुसरी गोष्ट उमगली. तिला हे माहीत नव्हतं. नेमणुकीच्या पत्रात कारण लिहिलेलं नसतं. आपलं वहीचं पान कुणी वाचलं नसणार, ते केराच्या टोपलीत गेलं असणार, आणि टाइप केलेल्या खोट्या अर्जावर आपण लागलो, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. मी स्वतःच तर बाजारभर तसं सांगत होतो. ती ज्या गोष्टीला रोज कुलूप उघडताना भीत होती, ती गोष्ट नव्हतीच. ते सांगणारा कागद माझ्या हातात होता.

त्याच दिवशी रोहण्याची एसटी पकडून मी तिच्याकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. पाकीट घरी नेलं आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलं. तिच्यापाशी गर्दी होती, अक्षर होतं, हिंमत होती. माझ्यापाशी एकच उरलं होतं, ते म्हणजे ती मला आपला उपकारकर्ता समजते हे. तेही देऊन टाकायचं? मी ते तीन आठवडे देऊ शकलो नाही. तिच्या मनातली भीती मला दिसत होती आणि मी ती तशीच राहू दिली. मी केलेलं हे सगळ्यात वाईट काम. तो पत्ता तर मी सवयीनं टाकला होता.

चौथ्या आठवड्यात तालुक्याला बैठक होती म्हणून ती आर्वीत आली आणि दुपारी माझ्या टेबलाशी थांबली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं.

“भाऊ, कागद आला काय?”

“नाई आला,” मी म्हणालो.

तिनं बोटांवर दिवस मोजले. “तीस दिवस तं कवाच होऊन गेले. असं कसं नाई आला?” ती बाकावर बसली आणि माझ्या गठ्ठ्याकडे हात केला. “पयलं अपील करा. त्यायले मुदतीत देनं बंधनकारक हाये. द्या, मी लेहून देते.”

आणि ती लिहायला लागली. ‘मुदतीत माहिती मिळाली नाही म्हणून अपील.’ माझं नाव तिनं मला न विचारता लिहिलं, वडिलांच्या नावासकट. स्वतःची नोकरी घालवणारा कागद मला वेळेवर मिळाला नाही म्हणून ती चिडली होती. माझ्या बाजूनं चिडली होती.

“थांब,” मी म्हणालो. “घरी हाये.”

तिनं कागदावरून पेन उचलला. मी उठलो, घरी गेलो आणि पाकीट घेऊन परत आलो. ती तिथेच बसली होती. ‘नाई आला’ म्हणून खोटं का सांगितलं, हे तिनं विचारलं नाही. मी तिला पाकीट दिलं. टेबलाच्या आपल्या बाजूला जायचं माझ्या मनात आलं नाही, मी तिच्याशेजारी बाकावरच बसलो.

तिनं पहिला कागद वाचला. ‘अपात्र’वर तिचं बोट थांबलं. मग दुसरा. आपलं अर्धं पान तिनं लगेच ओळखलं. खालचं अक्षर वाचायला तिला वेळ लागला. वाचून झाल्यावर तिनं ते पुन्हा वाचलं, ओठ हलवत.

“म्हंजे त्यायनं माहं पान वाचलं होतं?” ती म्हणाली.

“हाव.”

“म्हंजे तुमच्या अर्जानं नाई?”

हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं. “नाई,” मी म्हणालो. “माह्या अर्जानं तं तू गेलीच होती. तुह्यानं लागली.”

ती समोर कचेरीच्या फाटकाकडे पाहत राहिली. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. मग तिनं अपिलाचा कागद दोनदा घडी घालून माझ्या हातात दिला, आणि विचारलं, “हे प्रत मी नेऊ काय? तुमच्या नावानं आली हाये, म्हनून इचारते.”

“ने,” मी म्हणालो.

तिनं दुसरा कागद तेवढा घेतला. पहिला, माझा, पाकिटात घालून टेबलावर ठेवला आणि बसस्टँडच्या दिशेनं निघाली. ती रोजच्यासारखीच चालत होती, फार सावकाश नाही, फार भरभर नाही. पण आता तिला कुणाचे उपकार मानायचे नव्हते, माझेही नाहीत, आणि हे तिच्या पाठीवरूनसुद्धा मला कळत होतं. त्या सबंध काळात मला तिचा सगळ्यात जास्त हेवा वाटला तो त्या दुपारी.